ऑक्सिजनचा हट्ट आणि ऑक्साइडचा पृष्ठभाग

इंधन घटाची कल्पना अगदी साधी आहे. एका बाजूने हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूने ऑक्सिजन, आणि मध्ये असा थर ठेवायचा की ज्यातून आयन जातील पण इलेक्ट्रॉन जाणार नाहीत. मग इलेक्ट्रॉनांना बाहेरच्या तारेतून वळसा घालून पलीकडे जावे लागते, आणि हा वळसा म्हणजेच आपल्याला मिळणारी वीज. मागे उरते ते फक्त पाणी. विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९च्या सुमारास प्लॅटिनमच्या पट्ट्या वापरून हे घडवून दाखवले. ऊर्जेच्या हिशेबाप्रमाणे २५ अंश सेल्सिअसला अशा घटाने १.२३ व्होल्ट द्यायला हवेत. प्रत्यक्षात मोटारीतला घट भाराखाली ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास चालतो. उरलेला विद्युतदाब उष्णतेच्या रूपाने वाया जातो. हे नुकसान दोन्ही बाजूंना सारखे वाटलेले नाही. आम्लयुक्त घटात प्लॅटिनमवर हायड्रोजनचे काम इतके झटपट होते की त्यासाठी फारसा दाब खर्ची पडत नाही. ऑक्सिजनची प्रक्रिया त्याच धातूवर लाखो पटींनी मंद असते. म्हणून इंधन घट स्वस्त आणि कार्यक्षम करण्याचा प्रश्न मुख्यतः ऑक्सिजनच्या बाजूचा, म्हणजे कॅथोडच्या पृष्ठभागाचा प्रश्न आहे. या पृष्ठभागासाठी मौल्यवान धातूऐवजी मँगनीज, कोबाल्ट, निकेल, लोह अशा साध्या धातूंची ऑक्साइडे वापरता येतील का, याचा विचार या प्रकरणात करायचा आहे.

ऑक्सिजन इतका हट्टी का, हे आधी पाहू. त्याच्या रेणूतले दोन अणू दुहेरी बंधाने घट्ट जोडलेले असतात. त्यांचे पाणी व्हायचे तर चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन यावे लागतात, आणि ते एकदम येत नाहीत, टप्प्याटप्प्याने येतात. प्रत्येक टप्प्यावर अर्धवट रूपांतरित झालेला एखादा तुकडा उत्प्रेरकाच्या पृष्ठभागाला चिकटून असतो. पॉल साबातिए यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडलेले तत्त्व इथे तंतोतंत लागू पडते. पृष्ठभागाने रेणूला फार सैल धरले तर तो निसटतो, फार घट्ट धरले तर तो सुटतच नाही आणि जागा अडते. ऑक्सिजनच्या बाबतीत अडचण अशी की एका नव्हे, निदान दोन तुकड्यांना योग्य ताकदीने धरावे लागते. पहिला दोन ऑक्सिजन व एक हायड्रोजन असलेला, दुसरा एक ऑक्सिजन व एक हायड्रोजन असलेला. डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठात येन्स नॉर्स्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली संगणकीय गणिताने या टप्प्यांच्या ऊर्जेचा हिशेब मांडला आणि त्यापाठोपाठच्या अभ्यासांतून एक अवघड गोष्ट पुढे आली. या दोन तुकड्यांच्या ऊर्जेतला फरक आदर्श स्थितीत २.४६ इलेक्ट्रॉनव्होल्ट असायला हवा. प्रत्यक्षात धातू घ्या की ऑक्साइड, तो जवळजवळ नेहमी ३.२च्या आसपास येतो. एकाच जुवाला जुंपलेल्या दोन बैलांसारखे हे तुकडे एकत्र हलतात. एकाला सैल करावे तर दुसराही सैल होतो. त्यामुळे उत्तम पृष्ठभागावरसुद्धा सुमारे ०.३ ते ०.४ व्होल्टचे नुकसान पदरी पडते. प्लॅटिनम या मर्यादेच्या जवळ पोहोचलेला धातू आहे. तिच्या पलीकडे तोही जात नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. प्लॅटिनमच्या यशामागे त्या मूलद्रव्याची काही गूढ शक्ती नाही. ऑक्सिजनच्या तुकड्यांना तो योग्य ताकदीने धरतो, वीज चांगली वाहतो आणि आम्लात बराचसा टिकतो, एवढेच त्याचे भांडवल आहे. शिवाय ज्या विद्युतदाबाला कॅथोड काम करतो, त्या विद्युतदाबाला खुद्द प्लॅटिनमचा पृष्ठभागही निव्वळ धातूचा राहत नाही. पाण्यातून आलेल्या हायड्रॉक्सिल गटांनी आणि ऑक्सिजनने तो काही प्रमाणात झाकला जातो. म्हणजे ऑक्सिजनशी गाठ पडते तेव्हा ‘शुद्ध धातू’ आणि ‘ऑक्साइड’ यांतले अंतर आपण कल्पितो तेवढे मोठे नसते. मग ऑक्साइडांना संधी का नसावी? माझे म्हणणे असे आहे की संधी आहे, आणि ती काही ठिकाणी सिद्धही झाली आहे. मात्र प्लॅटिनम काढून त्याच्या जागी ऑक्साइड बसवायचे आणि बाकीचा घट तसाच ठेवायचा, या वाटेने ती मिळत नाही. उत्प्रेरक हा सुटा पदार्थ नसतो. विशिष्ट तापमानाला, विशिष्ट द्रवाच्या किंवा पटलाच्या संपर्कात असलेला पृष्ठभाग म्हणजे उत्प्रेरक. ऑक्साइड निवडायचे तर त्याच्यासोबत संपूर्ण घटाची परिस्थिती निवडावी लागते.

याचा पहिला भक्कम पुरावा इंग्लंडमध्ये मिळाला. फ्रान्सिस टॉमस बेकन हे अभियंता १९३०च्या दशकापासून अल्कलीयुक्त इंधन घटावर काम करत होते. आम्लाऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरले की प्लॅटिनमची सक्ती उरत नाही, निकेलवर भागते, हे त्यांनी हेरले होते. निकेल पुरेसे सक्रिय व्हावे म्हणून बेकन घट सुमारे २०० अंश सेल्सिअसला आणि मोठ्या दाबाखाली चालवत. पण ऑक्सिजनच्या बाजूचे निकेल गंजू लागले. तयार होणारे निकेल ऑक्साइड हिरवट आणि विजेच्या दृष्टीने जवळजवळ निरोधक, त्यामुळे इलेक्ट्रोड हळूहळू निकामी होत असे. यावरचा तोडगा असा निघाला की सच्छिद्र निकेल लिथियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात भिजवून, हवेत तापवून, त्यावर आधीच ऑक्साइडचा थर चढवायचा. लिथियमचे आयन निकेलच्या काही जागा घेतात. लिथियमवर एकच धनभार असल्याने तो समतोल राखण्यासाठी शेजारच्या निकेलला दोनऐवजी तीन धनभार पत्करावे लागतात, आणि या मिश्र स्थितीमुळे विजेला वाट मिळते. थर काळा होतो, वीज वाहू लागतो आणि खालच्या धातूचे रक्षणही करतो. १९५९ साली बेकन यांनी केंब्रिजमध्ये ५ किलोवॉटच्या संचाचे जाहीर प्रात्यक्षिक केले. अपोलो यानांतले घट याच रचनेवरून प्रॅट अँड व्हिटनी कंपनीने विकसित केले होते. चंद्राकडे निघालेल्या अंतराळवीरांना वीज आणि पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या या घटांच्या कॅथोडवर लिथियममिश्रित निकेल ऑक्साइड होते.

या यशोगाथेचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही, पण माझ्या मुद्द्यासाठी तोच अधिक बोलका आहे. पुढे अमेरिकेच्या स्पेस शटलमध्येही अल्कलीयुक्त घटच होते, पण ते १०० अंशांच्या आत चालत. अंतराळ मोहिमेला खर्चापेक्षा वजन आणि भरवसा महत्त्वाचा, म्हणून तिथे कॅथोडवर सोने व प्लॅटिनम आले आणि निकेल ऑक्साइड मागे पडले. द्रव तोच, अभिक्रिया तीच, तापमान मात्र निम्म्यावर आले आणि ऑक्साइडची जागा गेली. ‘निकेल ऑक्साइड चांगला उत्प्रेरक आहे का?’ या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही, ते या कारणामुळे. २०० अंशांच्या संहत अल्कलीत तो चांगला आहे. ९० अंशांना तो पुरा पडत नाही. आम्लात तर तो विरघळूनच जातो.

मग कमी तापमानाला काम करणारी ऑक्साइडे आहेत का? आहेत, आणि ती शोधण्याचा मार्गही आता बऱ्यापैकी उजळला आहे. १९७० साली ब्रिटिश संशोधक डी. बी. मेडोक्रॉफ्ट यांनी ‘नेचर’मध्ये दाखवले की लँथॅनम, स्ट्रॉन्शियम आणि कोबाल्ट यांचे संयुक्त ऑक्साइड अल्कलीत ऑक्सिजनसाठी स्वस्त इलेक्ट्रोड ठरू शकते. अशा ऑक्साइडांच्या रचनेला पेरोव्हस्काइट म्हणतात. तिच्यात मँगनीज, कोबाल्ट किंवा निकेलसारख्या धातूचा अणू सहा ऑक्सिजन अणूंच्या मधोमध बसलेला असतो, आणि त्यांच्या मधल्या पोकळीत लँथॅनमसारखा मोठा अणू मावतो. या रचनेचे मोल असे की मोठा अणू बदलून किंवा त्यात थोडी भेसळ करून मधल्या धातूचे इलेक्ट्रॉन कमीजास्त करता येतात. २०११ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतल्या यांग शाओ-हॉर्न, जिन सुंतिविच आणि सहकाऱ्यांनी अशी अनेक ऑक्साइडे एकाच पद्धतीने मोजली आणि एक साधा निकष पुढे ठेवला. मधल्या धातूच्या ज्या कक्षिका थेट ऑक्सिजनच्या दिशेने रोखलेल्या असतात, त्यांत साधारण एक इलेक्ट्रॉन असला की पृष्ठभाग सर्वांत चांगले काम करतो. क्रोमियमच्या ऑक्साइडात तिथे इलेक्ट्रॉनच नसतो, त्यामुळे पकड फार घट्ट होते. लोहाच्या ऑक्साइडात दोन असतात आणि पकड ढिली पडते. लँथॅनमसोबतचे मँगनीज आणि निकेल मात्र त्या एका इलेक्ट्रॉनाजवळ येतात, आणि क्षेत्रफळाच्या एककामागे त्यांची सक्रियता प्लॅटिनमच्या जवळपास भरते. साबातिए यांचे तत्त्व इथे अणूच्या पातळीवर उतरलेले दिसते. या संशोधनाच्या लेखकांत जॉन गुडइनफ यांचेही नाव होते. १९५०च्या दशकात त्यांनी मँगनीजच्या याच प्रकारच्या ऑक्साइडांचे चुंबकत्व उलगडण्यासाठी या कक्षिकांचा विचार केला होता. चुंबकाच्या अभ्यासातली दृष्टी अर्ध्या शतकानंतर उत्प्रेरकाच्या कामी आली.

मँगनीजच्या बाबतीत आणखी एक गुण नोंदवायला हवा. ऑक्सिजनचे पाणी होताना वाटेत एक फाटा फुटतो. चारऐवजी दोनच इलेक्ट्रॉन मिळाले तर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. त्यात ऊर्जा वाया जाते आणि शिवाय ते घटातल्या पटलाला व कार्बनला खाते. शाळेच्या प्रयोगशाळेत हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड टाकली की ऑक्सिजनचे बुडबुडे उसळतात. हाच गुणधर्म कॅथोडवर उपयोगी पडतो, कारण वाट चुकून तयार झालेल्या पेरॉक्साइडचा तिथल्या तिथे निकाल लागतो आणि मोकळा झालेला ऑक्सिजन पुन्हा अभिक्रियेत येतो. श्रवणयंत्रात बसवलेल्या झिंक-एअर सेलमध्ये मँगनीजच्या ऑक्साइडांचा याच कामासाठी वापर झाला आहे. बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन घेऊन चालणारी ही चिमुकली सेल अल्कलीयुक्त असते आणि तिच्या कॅथोडला प्लॅटिनमची गरज पडत नाही. या बाबतीत महाराष्ट्राशीही एक दुवा आहे. भंडारा जिल्ह्यातली डोंगरी बुजुर्गची खाण मँगनीज डायऑक्साइडच्या खनिजासाठी ओळखली जाते, आणि तिथेच ‘मॉइल’ ही खाणकंपनी बॅटरी उद्योगासाठी विद्युत-पद्धतीने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड बनवते. पण खनिज हाताशी आहे म्हणून इंधन घट हाताशी आला, असे होत नाही. ते का, हे पुढच्या आक्षेपांतून स्पष्ट होईल.

त्याआधी ऑक्साइडांचे सर्वांत निर्विवाद क्षेत्र पाहू. घनऑक्साइड इंधन घट ६०० ते १,००० अंश सेल्सिअसला चालतात. त्यांत द्रव नसतो. इट्रियममिश्रित झिर्कोनियाच्या सिरॅमिक थरातून ऑक्सिजनचे आयनच पलीकडे जातात. इथे प्लॅटिनमला पर्याय शोधावा लागत नाही, कारण लँथॅनम-स्ट्रॉन्शियम-मँगनीज ऑक्साइड हेच कॅथोडचे प्रस्थापित द्रव्य आहे. कोबाल्ट आणि लोह असलेल्या प्रकारांनी तर आणखी एक पायरी गाठली. ते इलेक्ट्रॉनांबरोबर ऑक्सिजनचे आयनही वाहतात. जे ऑक्साइड केवळ इलेक्ट्रॉन वाहते, त्याच्यावर अभिक्रिया फक्त हवा, कॅथोड आणि सिरॅमिक यांच्या तिठ्यावर होते. जे दोन्ही वाहते, त्याचा बराच मोठा पृष्ठभाग कामाला लागतो. हा गुण प्लॅटिनममध्ये नाही, तो ऑक्साइडांचा स्वतःचा आहे. स्फटिकातल्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा हेच त्याचे रहस्य. एरवी ज्याला दोष म्हणतात, ती रिकामी जागा इथे ऑक्सिजनला आत घेते आणि पुढे सरकवते.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत मोठा असा की आजच्या मोटारी, बस आणि ट्रक यांच्यात अल्कलीयुक्त आणि घनऑक्साइड हे दोन्ही घट नाहीत. तिथे प्रोटॉन वाहणारे आम्लधर्मी पटल असते. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी ही कंपनी यांनी मिळून तयार केलेली, २०२२ साली सादर झालेली हायड्रोजन बस याच प्रकारच्या घटावर चालते. अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने पाणबुड्यांसाठी विकसित केलेल्या घटात फॉस्फोरिक आम्ल असते. आम्लात मँगनीज, कोबाल्ट, निकेल यांची ऑक्साइडे विरघळतात, आणि विरघळलेले धातूचे आयन पटलात शिरून प्रोटॉनांच्या जागा अडवतात. हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे. आम्लात टिकणारी ऑक्साइडे नाहीत असे नव्हे. टायटॅनियम, झिर्कोनियम, नायोबियम आणि टँटलम यांची ऑक्साइडे उत्तम टिकतात. जपानमधल्या योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठात केन-इचिरो ओता आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे त्यांच्यावर काम केले. ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या ठेवून किंवा नायट्रोजन मिसळून या निष्क्रिय द्रव्यांत त्यांनी सक्रियता आणली. पण जी द्रव्ये आम्लाला दाद देत नाहीत, ती ऑक्सिजनलाही सहज दाद देत नाहीत आणि वीज नीट वाहत नाहीत. टिकाऊपणा आणि सक्रियता यांची ही ओढाताण प्लॅटिनमशी टक्कर देण्याइतकी अजून सुटलेली नाही. म्हणून आजच्या आम्लधर्मी घटात ऑक्साइड प्लॅटिनमची जागा घेईल असा दावा मी करत नाही.

दुसरा आक्षेप मोजमापांवरचा आहे, आणि तोही गंभीरपणे घ्यायला हवा. क्षेत्रफळाच्या एककामागे बरोबरी होते हे खरे, पण घटात वजनाला आणि जागेलाही किंमत असते. प्लॅटिनमचे काही नॅनोमीटरचे कण कार्बनवर पसरता येतात. पेरोव्हस्काइट बनवायला भट्टीत बरेच तापवावे लागते, त्यात कण मोठे होतात आणि ग्रॅममागे मिळणारा पृष्ठभाग कितीतरी कमी भरतो. शिवाय बहुतेक ऑक्साइडे वीज कमी वाहत असल्याने चाचणीत त्यांच्यात कार्बन मिसळतात. अल्कलीत कार्बन स्वतःच ऑक्सिजनचे पेरॉक्साइड करतो आणि ऑक्साइड ते पेरॉक्साइड फोडते. मग एकूण श्रेय ऑक्साइडचे किती आणि कार्बनचे किती, हे वेगळे काढणे कठीण जाते. उच्च तापमानातही पृष्ठभाग स्थिर राहत नाही. स्ट्रॉन्शियम आतून वर येऊन साचते, पोलादी भागांतून उडालेली क्रोमियमची वाफ कॅथोडवर बसते आणि सक्रियता घटते. या सगळ्याचे उत्तर एकच आहे. पूड ताजी असताना काय करते यावर निर्णय देऊ नये. घट हजारो तास चालल्यावर जो पृष्ठभाग उरतो, त्याचीच परीक्षा व्हावी. आक्षेप ऑक्साइडांविरुद्ध वाटतो, पण प्रत्यक्षात तो मूळ मुद्द्यालाच बळ देतो, कारण उत्प्रेरकाची ओळख परिस्थितीपासून वेगळी काढता येत नाही.

तिसरा आक्षेप असा की मग परिस्थिती बदलून अल्कलीकडे गेलो तर तिथे नव्या अडचणी उभ्या राहतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड अल्कलीशी संयोग पावून कार्बोनेट बनवतो आणि घटाची वहनक्षमता कमी करतो. हायड्रॉक्साइड आयन वाहणारी घन पटले आता तयार होतात, पण त्यांतले रासायनिक गट गरम अल्कलीत हळूहळू तुटतात. सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट ही की आम्लात इतके सोपे असलेले हायड्रोजनचे काम अल्कलीत प्लॅटिनमवरही सुमारे शंभरपट मंदावते. म्हणजे ऑक्सिजनच्या बाजूने काढलेले प्लॅटिनम हायड्रोजनच्या बाजूने परत मागितले जाण्याची शक्यता असते. हे मान्य करूनही माझे मत बदलत नाही. आम्लातली अडचण अशी की साध्या धातूंचे ऑक्साइड तिथे विरघळणारच, तो रसायनाचा पायाच आहे. अल्कलीतल्या अडचणी पटलाच्या टिकाऊपणाच्या, हवा शुद्ध करण्याच्या आणि हायड्रोजनसाठी निकेलवर आधारित चांगला उत्प्रेरक शोधण्याच्या आहेत. त्या कठीण आहेत, पण त्यांपैकी कशालाही निसर्गनियमाची आडकाठी नाही. जिथे प्रयत्नांनी फरक पडू शकतो, तिथे प्रयत्न करणे शहाणपणाचे आहे.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. मोटारीच्या घटातले प्लॅटिनम गेल्या काही दशकांत खूप कमी झाले आहे, कोबाल्टसोबतच्या मिश्रधातूंनी ते आणखी घटते आहे, आणि जुन्या घटांतून ते परतही मिळवता येते. मग इतका खटाटोप कशाला? मोजक्या वाहनांचा विचार केला तर हा युक्तिवाद बरोबर आहे. पण जगातल्या खाणींतून वर्षाला २०० टनांहूनही कमी प्लॅटिनम निघते आणि त्यातला सुमारे ७० टक्के वाटा एकट्या दक्षिण आफ्रिकेचा असतो. अवजड ट्रकांना दीर्घ आयुष्यासाठी प्लॅटिनमही जास्त लागते. एखादे तंत्र काही हजार गाड्यांपुरते न ठेवता सगळ्या जगाच्या ऊर्जेचा भाग करायचे असेल, तर त्याचा कणा एका दुर्मीळ धातूवर आणि एका देशाच्या खाणींवर उभा करणे धोक्याचे आहे. भारताने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. हायड्रोजन तयार करण्याइतकाच तो वापरायचा कशात, हाही विचार त्यासोबत व्हायला हवा, आणि त्या विचारात कॅथोडचे स्थान पहिल्या रांगेतले आहे.

म्हणून नव्या ऑक्साइडची बातमी वाचताना ते प्लॅटिनमपेक्षा सरस आहे का, एवढेच विचारून थांबू नये. ते कोणत्या द्रवात किंवा पटलासोबत मोजले, कोणत्या तापमानाला, किती तास, आणि सुट्या इलेक्ट्रोडवर की पूर्ण घटात, हे विचारावे. संशोधनाला पैसा देणाऱ्यांनीही हेच प्रश्न विचारावेत. उत्प्रेरकाची पूड एका प्रयोगशाळेत, पटल दुसरीत आणि घटाची बांधणी तिसरीत अशी विभागणी झाली की प्रत्येकाचे निष्कर्ष उत्तम दिसतात, पण एकत्र आणल्यावर घट चालत नाही. बेकन यांनी निकेल, लिथियम, अल्कली, तापमान आणि दाब यांचा विचार एकत्र केला, म्हणून त्यांचे ऑक्साइड यशस्वी झाले. भंडाऱ्याच्या मँगनीजचा उद्याच्या इंधन घटात उपयोग व्हायचा असेल, तर त्याच्यासोबत टिकाऊ अल्कलीयुक्त पटल आणि निकेलचा अॅनोड एकाच छपराखाली, एकाच उद्दिष्टाने घडवावा लागेल. ऑक्साइडांची क्षमता आता शंकेच्या पलीकडे गेली आहे. उरलेले काम त्यांना साजेसा घट बांधण्याचे आहे.